गल्ल्यावरचा कान

मिरजेत माझ्या आत्याचं कॅसेटचं दुकान होतं. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी सुरू झाली की काउंटरची काच थरथरायची आणि आत्या आवाज थोडा वाढवायची. दुकानात कॅसेट विकत मिळायच्या तशा भरूनही मिळायच्या. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचं. आत्या ती वाचायची आणि पुष्कळदा त्यातली दोन खोडून आपल्या मनाची दोन घालायची. "ऐकून बघा, नाही आवडलं तर पैसे परत." पैसे परत मागायला कोणी आल्याचं मला आठवत नाही.

नवी कॅसेट आली की ती दारातल्या स्पीकरवर लावायची आणि गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायची. कुणाची सायकल हळू होते, कोण भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत उगाच थांबतं, कुणाचं पोर आईचा हात ओढतं. त्यावरून तिचं ठरायचं, हिच्या पाच मागवायच्या की पन्नास. मी शाळेतून थेट दुकानात यायचे आणि तिच्या शेजारी स्टुलावर बसायचे. गाणं ऐकायचं म्हणजे रस्ता बघायचा, असंच मला तेव्हा वाटायचं.

मी चौथीत असताना एक वयस्कर अमेरिकन बाई एक कॅसेट घेऊन आल्या. मिशन हॉस्पिटलमध्ये काही महिन्यांसाठी आल्या होत्या. कॅसेट घरीच भरलेली, वर कसलंही नाव नाही, फीत मऊ पडत चाललेली. ती पार जाण्याआधी नक्कल करून हवी होती. आत्यानं नक्कल केली, करताना अर्थातच ऐकली, आणि मग आणखी एक प्रत स्वतःसाठी काढली. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नव्हता. पुरुषाचा आवाज होता, खरखरीत, जरा घोगरा. ओळ संपता संपता तो पुन्हा तोच शब्द धरायचा, पुन्हा धरायचा, आणि मागून ट्रम्पेट-सॅक्सोफोन त्याला हुंकार द्यायचे. एका गाण्याच्या शेवटी शब्द संपले आणि त्यानं नुसती शीळ घातली. आत्या म्हणाली, "हा बघ, काहीतरी मागतोय. ओरडून नाही मागत, पण सोडतही नाही." आणि आपल्या प्रतीवर बॉलपेननं लिहिलं : मागणारा माणूस.

त्या माणसाचं नाव ओटिस रेडिंग, हे मला कॉलेजात कळलं. तो अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावचा, आणि ती शीळ त्यानं १९६७ च्या अखेरीस टेनेसी राज्यातल्या मेम्फिसच्या एका जुन्या सिनेमा थिएटरात घातली होती, हे त्यानंतर. त्या थिएटरात जी रेकॉर्ड कंपनी होती तिचं नाव स्टॅक्स. पुढे कामानिमित्त सात महिने मेम्फिसला राहायचा योग आला, तेव्हा पहिल्याच मोकळ्या शनिवारी मी मॅक्लेमोर अव्हेन्यूवरच्या स्टॅक्स संग्रहालयात गेले. मला ओटिसचं माइक बघायचं होतं. बघितलंही. पण त्या दिवशी माझ्या मनात घर केलं ते एका बाईनं, तिच्या दुकानामुळे.

तिचं नाव एस्टेल अ‍ॅक्सटन.

स्टॅक्सचा इतिहास लिहिताना बहुतेक जण तिच्या धाकट्या भावापासून सुरुवात करतात. जिम स्ट्यूअर्ट बँकेत नोकरी करायचा आणि संध्याकाळी कंट्री या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या वाद्यवृंदात फिडल वाजवायचा. १९५७ मध्ये त्यानं नातेवाइकाच्या गॅरेजात सॅटेलाइट नावाची कंपनी काढली. यंत्र जुजबी, गाणी कंट्री, विक्री जवळजवळ नाहीच. एस्टेल त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आधी शाळेत शिकवायची, मग युनियन प्लँटर्स बँकेत लागली. नवरा, दोन मुलं, हप्त्यांवरचं घर. भावाला बरं टेप मशीन हवं होतं आणि पैसे नव्हते. १९५८ मध्ये तिनं नवऱ्याला समजावून घर गहाण टाकलं आणि अडीच हजार डॉलरचं अँपेक्सचं मशीन घेऊन दिलं. चाळिशीतल्या नोकरदार बाईनं, जो धंदा कधी केलेला नाही त्याच्यासाठी राहतं घर गहाण टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात समजावून सांगायची गरज नाही.

मेम्फिसबाहेरच्या ब्रन्सविक गावात थोडे दिवस काढून १९६० मध्ये दोघं शहरात परतली आणि दक्षिण मेम्फिसमधलं बंद पडलेलं कॅपिटॉल थिएटर भाड्यानं घेतलं. पत्ता ९२६, ईस्ट मॅक्लेमोर. वस्ती बदलत होती, गोरी कुटुंबं उठून दुसरीकडे जात होती आणि त्यांच्या जागी कृष्णवर्णीय कुटुंबं येत होती. खुर्च्या काढल्या, जाड पडदे टांगले, जिथं सिनेमाचा पडदा असायचा त्या मंचावर कंट्रोल रूम बसवली. थिएटरात पडद्यामागे असतात ते भलेमोठे स्पीकर होतेच, तेच वापरात ठेवले. जमीन मात्र तशीच उतरती राहिली, कारण ती सपाट करायला पैसे नव्हते. आणि बाहेर, जिथं मध्यंतरात पॉपकॉर्न आणि गोळ्या विकल्या जायच्या त्या काउंटरवर एस्टेलनं रेकॉर्डचं दुकान थाटलं.

संग्रहालयात आज त्या दुकानाची नवी आवृत्ती आहे. मी तिथं बराच वेळ उभी होते. दारातून येणारा माणूस आधी दुकानात शिरायचा, मग स्टुडिओत, ही रचना मला फार मोलाची वाटते. शाळा सुटली की त्या वस्तीतली मुलं दुकानात जमायची. विकत घ्यायला पैसे नसले तरी एस्टेल त्यांना ऐकू द्यायची. बुकर टी. जोन्स हा शाळकरी मुलगा तासन् तास तिथं रेकॉर्ड ऐकत असायचा. स्टीव्ह क्रॉपर नावाचा गोरा तरुण काउंटरवर कामाला होता, गिटार वाजवायचा. समोरच्या किराणा दुकानात पिशव्या भरणारा डेव्हिड पोर्टर सवड मिळेल तेव्हा रस्ता ओलांडून यायचा. पुढे याच पोर्टरनं आयझॅक हेजबरोबर स्टॅक्सची कितीतरी मोठी गाणी लिहिली. सगळे तिला 'लेडी ए' म्हणायचे.

ती काय करायची? इतर कंपन्यांची गाजलेली रेकॉर्ड आली की ती लावायची आणि पोरांना विचारायची, यातलं काय आवडलं? शब्द की ठेका? कुठल्या जागी पाय हलला? होतकरू गीतकारांना तीच रेकॉर्ड ऐकवून सांगायची, बघा, ही का खपली ते. आणि स्टुडिओत नवं काही तयार झालं की त्याची कच्ची प्रत पहिल्यांदा दुकानात वाजायची. तिथं कोणी मान वर केली नाही तर भावाला तोंडावर सांगायची. सुरुवातीच्या दिवसांत आत स्टुडिओ चालायचा तो बाहेरच्या या गल्ल्याच्या आधारावर. हे वाचलं तेव्हा मला पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकू आला. आत्याही सायकली मोजायची ती अशीच.

१९६० मध्येच रूफस थॉमस आपल्या मुलीला, कार्लाला घेऊन तिथं आला. रूफस म्हणजे डब्ल्यूडीआयए या कृष्णवर्णीयांसाठी कार्यक्रम करणाऱ्या रेडिओ स्टेशनवरचा लाडका आवाज. बापलेकीच्या द्वंद्वगीतासाठी बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारा हवा होता, तेव्हा डेव्हिड पोर्टरनं बुकर टी.ला चक्क शाळेच्या वर्गातून बाहेर काढून आणलं. गाणं आसपासच्या राज्यांत चाललं आणि न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीचा जेरी वेक्सलर चौकशी करत आला. वितरण अटलांटिक करील, रेकॉर्ड इथं बनतील, असं ठरलं. कागद नाही, हस्तांदोलन. हा कागद पुढे येणार आहे.

पुढच्या वर्षी एस्टेलच्या मुलाच्या, पॅकीच्या वाद्यवृंदाचं 'लास्ट नाइट' हे वाद्यसंगीत तयार झालं. पोरं बहुतेक गोरी, हायस्कूलमधून नुकती बाहेर पडलेली, पॅकी सॅक्सोफोनवर. जिमला त्यात काही दिसत नव्हतं. एस्टेल हट्टाला पेटली, भावाशी भांडली, रडली, पण रेकॉर्ड काढायलाच लावली. ती देशभरच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. आईचं मुलावरचं प्रेम त्यात नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण तिला दुकानात दिसत होतं ते जिमला कंट्रोल रूमच्या काचेतून दिसत नव्हतं, हेही खरंच. रेकॉर्ड इतकी गाजली की कॅलिफोर्नियातल्या सॅटेलाइट नावाच्याच दुसऱ्या कंपनीनं हरकत घेतली, आणि नवं नाव आलं : स्ट्यूअर्टची पहिली दोन इंग्रजी अक्षरं, अ‍ॅक्सटनची पहिली दोन. स्टॅक्स. कंपनीच्या नावात बहीण बरोबरीनं आहे, हे मला आजही फार आवडतं.

१९६२ चा उन्हाळा. एका रविवारी दुसऱ्याच गायकाचं रेकॉर्डिंग जमलं नाही म्हणून चार वादक स्टुडिओत रिकामे बसले होते. ऑर्गनवर बुकर टी., वय वर्षं सतरा. गिटारवर क्रॉपर, बासवर लुई स्टाइनबर्ग, ड्रम्सवर अल जॅक्सन. वेळ घालवायला म्हणून वाजवत होते, जिमनं टेप सुरू केली. त्यातून जे निघालं त्याला 'ग्रीन अनियन्स' म्हणतात. कांद्याची पात. क्रॉपरनं कच्ची प्रत रेडिओवाल्याकडे नेली, त्यानं ती लावली आणि स्टेशनचे फोन वाजू लागले. पुढे बासवर डोनाल्ड 'डक' डन आला आणि दोन काळे, दोन गोरे असा हा चौघांचा संच स्टॅक्सचा कणा झाला. बुकर टी. याच काळात इंडियाना विद्यापीठात संगीत शिकत होता, सुट्टीच्या दिवशी शेकडो मैल गाडी हाकत मेम्फिसला येऊन वाजवायचा आणि सोमवारी पुन्हा वर्गात.

ज्या शहरात काळ्या आणि गोऱ्या माणसांना एका टेबलावर जेवता येत नव्हतं, त्या शहरात हे चौघं एका खोलीत रोज बसत होते. मात्र ही गोष्ट सांगताना मी जपून सांगते. खोली सगळ्यांची होती, मालकी गोऱ्या भावाबहिणीची होती. दाराबाहेर पडलं की बुकर टी.ला कुठं जाता येतं आणि क्रॉपरला कुठं, यात फरक होताच. एकत्र बसून गाणं लिहायचं तर शहरातली एक जागा दोघांना खुली होती : वॉल्टर बेली आणि त्यांच्या पत्नी चालवत ते लॉरेन मोटेल. क्रॉपर आणि गायक विल्सन पिकेटनं 'इन द मिडनाइट अवर' तिथं बसून रचलं, एडी फ्लॉइड या दुसऱ्या गायकाबरोबरचं 'नॉक ऑन वुड'ही तिथंच.

त्या खोलीच्या आवाजाबद्दल थोडं सांगायला हवं. स्टुडिओची प्रतिकृती बांधताना संग्रहालयवाल्यांनी जमिनीचा उतारही तसाच ठेवला आहे. आत पाऊल टाकलं की पोटऱ्यांना जाणवतो. भिंती आणि जमीन एकमेकींना समांतर नसल्या की आवाज वेगळाच घुमतो. खोली मोठी, वादक दूर दूर, सगळे एकाच वेळी वाजवणारे. लिहिलेली स्वरलिपी नाही, जे ठरायचं ते उभ्या उभ्या. ओटिस तर ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या जागा तोंडानं गाऊन दाखवायचा. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत गायकामागे गोड आवाजांचा कोरस असतो. स्टॅक्समध्ये ती जागा वाद्यांची. गायक विनवतो, पितळ उत्तर देतं. कीर्तनात बुवांच्या ओळीला झांजा आणि टाळकरी उत्तर देतात, ती सवय असलेल्या कानाला हे परकं वाटत नाही.

आणि ठेका. १९६५ मध्ये पिकेटच्या त्या गाण्याच्या वेळी जेरी वेक्सलर कंट्रोल रूममधून बाहेर आला आणि न्यूयॉर्कची पोरं तेव्हा जो नाच नाचत होती तो त्यानं सगळ्यांसमोर करून दाखवला. मध्यमवयीन माणूस, अंग झटकत, दुसऱ्या मात्रेवर जोर देत. क्रॉपर आणि अल जॅक्सननं ते उचललं आणि दुसरी-चौथी मात्रा केसभर उशिरा टाकायला सुरुवात केली. इतकी केसभर की मोजायला गेलं तर सापडत नाही, पण शरीराला कळते. माणूस पायरी उतरताना शेवटची पायरी किंचित खाली निघावी तसं. स्टॅक्सची रेकॉर्ड डोळे मिटून ओळखता येते ती यामुळे.

ओटिस १९६२ च्या ऑगस्टमध्ये आला तो गायक म्हणून नाही. जॉनी जेन्किन्स या गिटारवाल्याचं रेकॉर्डिंग होतं आणि ओटिस त्याची गाडी चालवत आला होता. जेन्किन्सचं काही जमेना. दिवस संपत आला तेव्हा ड्रायव्हरला एक गाणं गाऊ द्या म्हणून कुणीतरी गळ घातली. 'दीज आर्म्स ऑफ माइन' गायला. पुढच्या पाच वर्षांत तो स्टॅक्सचा आत्मा झाला. त्याचं 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' ऐकताना मला नेहमी ख्यालाची चढण आठवते. सुरुवातीला तीन वाद्यांचा उदास सूर, मग अल जॅक्सनची ड्रमच्या कडेवरची टकटक, एकेक वाद्य आत येत लय कसत जाते आणि शेवटी शब्द फुटून नुसते उद्गार उरतात. गॉस्पेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांत, जी विनवणी देवाला असते तीच सोलमध्ये, म्हणजे स्टॅक्सच्या या तऱ्हेच्या गाण्यांत, माणसाला केलेली असते. विठ्ठलाला 'भेटी लागी जीवा' म्हणणाऱ्या भाषेतल्या बाईला, मिरजेत गल्ल्यावर बसून, एकही शब्द न कळता, हा माणूस मागतोय हे कळलं ते उगाच नाही.

१० डिसेंबर १९६७ ला विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तलावात ओटिसचं विमान कोसळलं. तो सव्वीस वर्षांचा होता. बरोबर बार-केज या स्टॅक्सच्याच तरुण वाद्यवृंदातली पोरं होती, मॅक्लेमोरच्या आसपास वाढलेली. एकटा बेन कॉली वाचला. तीनच दिवस आधी ओटिस 'डॉक ऑफ द बे'चं काम करत होता. क्रॉपरनं शोक गिळून त्या टेपवर लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज घातला आणि गाणं पुरं केलं. जानेवारीत रेकॉर्ड आली आणि यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्या यादीत गायकाच्या मृत्यूनंतर पहिला क्रमांक मिळवणारी ती पहिली रेकॉर्ड.

आता तो कागद. १९६५ मध्ये अटलांटिकबरोबरचा हस्तांदोलनाचा व्यवहार रीतसर करारात बदलला होता. जिमनं विश्वासानं सही केली. अटलांटिक विकली गेली तर आपल्याला मोकळं होता यावं, एवढी सोय त्यानं बघितली होती. पण आणखी एक कलम होतं. अटलांटिकनं वितरित केलेल्या प्रत्येक रेकॉर्डची मूळ टेप अटलांटिकच्या मालकीची. वेक्सलरची कंपनी वॉर्नर-सेव्हन आर्ट्सनं घेतली आणि १९६८ मध्ये जिम आपल्या टेप परत मागायला गेला, तेव्हा त्याला ते कलम उमगलं. ओटिस गेला होता आणि ओटिसचा आवाजही गेला. सॅम आणि डेव्ह ही गायकांची जोडी मुळात अटलांटिकनं उसनी दिलेली, तीही परत गेली. आठ वर्षांची मेहनत एका सहीनं दुसऱ्याच्या कपाटात. बँकेत काम केलेला माणूस होता तो, कागदाची किंमत त्याला माहीत होती. पण समोरच्याला तो मित्र समजत होता. मित्राच्या कागदातली बारीक अक्षरं आपण वाचत नाही. त्यात अपमान वाटतो, वाचणाऱ्यालाच.

त्याच वसंतात मेम्फिसचे सफाई कामगार संपावर होते. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते आणि तेराशे जण 'मी माणूस आहे' अशा पाट्या घेऊन रस्त्यावर उतरले होते. त्यांच्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग शहरात आले, उतरले लॉरेन मोटेलमध्ये, आणि ४ एप्रिलला तिथल्याच गॅलरीत त्यांना गोळी लागली. जिथं काळी-गोरी माणसं बसून प्रेमाची गाणी रचत होती ती जागा. त्या रात्री आसपास जाळपोळ झाली, स्टॅक्सच्या इमारतीला कोणी हात लावला नाही. पण आतली सहजता गेली. गोऱ्या वादकांना त्या रस्त्यावरून गाडीपर्यंत चालत जाताना पहिल्यांदाच भीती वाटली, आणि काळ्या वादकांना पहिल्यांदाच मोठ्यानं विचारावंसं वाटलं की ही कंपनी नक्की कुणाची. तो प्रश्न रास्त होता.

उत्तर म्हणून अल बेल पुढे आला. १९६५ पासून तो रेकॉर्ड खपवायचं काम बघत होता, आधी रेडिओवर निवेदक, उंचापुरा, बोलण्यात प्रवचनकाराची धार. टेप गेल्या? मग नव्या करू. १९६९ मध्ये त्यानं सत्तावीस अल्बम एकदम बाजारात आणले. त्यात आयझॅक हेजचा 'हॉट बटर्ड सोल' होता, चार गाण्यांचा, त्यातलं एक अठरा मिनिटांहून लांब. रेडिओला हवी असायची तीन मिनिटांची गाणी, आणि हा माणूस आधी आठ मिनिटं नुसता बोलतो, मग गातो. दहा लाखांवर खपला. मग स्टेपल सिंगर्स हे गाणारं कुटुंब, मग 'शाफ्ट' या सिनेमाचं संगीत आणि त्यासाठी हेजला ऑस्कर. २० ऑगस्ट १९७२ ला लॉस एंजेलिसमधल्या स्टेडियमवर वॉटस्टॅक्स नावाचा मोठा जलसा. तिथल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीतल्या उद्रेकाला सात वर्षं झाली म्हणून, एक डॉलर तिकिटात, लाखावर माणसं. तिथले चेहरे मी कितीदा पाहिले असतील. नटूनथटून आलेले, आपल्याच माणसांत असल्यामुळे अंग सैल सोडून बसलेले. स्टॅक्स बुडण्यापूर्वी एवढं करून गेली, यात अल बेलचा वाटा फार मोठा आहे आणि तो मला कमी लेखायचा नाही.

पण १९६९ नंतर एस्टेल तिथं नव्हती. तिचं आणि अल बेलचं जमलं नाही. ज्या कंपनीसाठी घर गहाण टाकलं तिच्यातला आपला हिस्सा विकून ती बाहेर पडली. इतिहासात हे एका ओळीत उरकतात. मला ते एका ओळीचं वाटत नाही. १९७२ मध्ये स्टॅक्सनं सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीबरोबर वितरणाचा करार केला. सीबीएसचं जाळं मोठ्या दुकानांसाठी विणलेलं. कृष्णवर्णीय वस्त्यांतली नवराबायकोनं चालवलेली छोटी दुकानं, जिथं स्टॅक्स खरोखर खपत होती, त्यांच्यापर्यंत रेकॉर्ड पोहोचेनात. करार करणारा क्लाइव्ह डेव्हिस १९७३ मध्ये सीबीएसमधून गेला आणि उरलीसुरली आस्थाही गेली. माल गोदामात, गिऱ्हाईक दुकानात, आणि मधला रस्ता बंद. एस्टेल असती तर वाचलं असतं असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. एवढंच म्हणते की काउंटरवर उभं राहून पोरांना 'काय हवंय' विचारणारं माणूस वरच्या खोलीत उरलं नव्हतं.

शेवट भराभर झाला. कर्ज युनियन प्लँटर्स बँकेचं, म्हणजे जिथं एस्टेल एके काळी नोकरी करायची तीच बँक. जिमनं आपली जमवलेली पुंजी कंपनीत घातली आणि गमावली. १ ऑक्टोबर १९७५ ला अल जॅक्सनचा त्याच्या घरात खून झाला, ज्याच्या केसभर उशिरावर सगळं उभं होतं तो माणूस. १९ डिसेंबर १९७५ ला घेणेकऱ्यांच्या अर्जावरून कोर्टाचे अधिकारी दारात आले आणि लोकांना बाहेर काढलं. अल बेलवर बँकेला फसवल्याचा खटला चालला, तो निर्दोष सुटला. मूळ इमारत पुढे एका चर्चकडे गेली आणि १९८९ मध्ये पाडली गेली.

१९८९. मिरजेत आत्या कॅसेटची नक्कल करत होती ते साधारण तेच दिवस. तिकडे उतरत्या जमिनीची ती खोली पाडत होते आणि इकडे त्या खोलीचा आवाज एका मऊ पडलेल्या फितीवरून दुसऱ्या कोऱ्या फितीवर चढत होता. हा योगायोग लक्षात आला तेव्हा मी संग्रहालयाच्या बाकावर बसले होते आणि थोडा वेळ उठले नाही.

एस्टेलचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण ते क्वचित सांगतात. तिनं फ्रेटोन नावाची छोटी कंपनी काढली. पॅकी १९७४ मध्ये गेला, बत्तिसाव्या वर्षी. आणि १९७६ मध्ये, स्टॅक्सला कुलूप लागलेलं असताना, एका रेडिओ निवेदकाचं 'डिस्को डक' हे बदकाच्या आवाजातलं गमतीचं गाणं या बाईनं काढलं. मोठ्या कंपनीनं ते उचललं आणि ते देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. जाणकार त्या गाण्याला नाकं मुरडतात. मला त्यात ती दिसते. कुठल्या पोराचा पाय कुठं हलेल हे तिला अजूनही कळत होतं. २००३ च्या मे महिन्यात जुन्याच जागेवर संग्रहालय उभं राहिलं, त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. जिम २०२२ पर्यंत होता, ब्याण्णव वर्षांचा.

संग्रहालयात शिरल्या शिरल्या मिसिसिपीतून उचलून आणलेलं एक जुनं लाकडी चर्च आहे, पुढे हेजची सोन्यानं मढवलेली निळी कॅडिलॅक आहे. लोक तिथं फोटो काढतात. मी शेवटी पुन्हा दुकानात आले. बाहेर शेजारच्या संगीत अकादमीची पोरं वाद्यांच्या पेट्या पाठीला लावून चालली होती, त्याच वस्तीतली, शाळेच्या वयाची. दोघं-तिघं आत येऊन रेकॉर्ड चाळत होती. काउंटरवरच्या मुलीनं त्यांना हटकलं नाही.

मिरजेला परत आले तेव्हा आत्या सत्तरीत होती. दुकान सीडीच्या काळातच बंद झालेलं, तिथं आता मोबाइल रिचार्ज होतं, गिरणी मात्र आहे. उरलेल्या कॅसेट पत्र्याच्या ट्रंकेत. मी तिला सगळं सांगितलं. विमानाचं ऐकून ती गप्प झाली. गहाण टाकलेल्या घराचं ऐकून तिनं विचारलं, "सुटलं का घर?" मग एस्टेलच्या दुकानाबद्दल तिनं एकामागून एक प्रश्न विचारले. रस्त्याकडे तोंड होतं का? उधारी द्यायची का? उन्हाचं काय, रेकॉर्डी वाकत नव्हत्या? यातल्या निम्म्याचीच उत्तरं माझ्याकडे होती.

ट्रंकेतून ती कॅसेट काढली. शाई फिकट झाली होती, पण वाचता येत होती. मी पेन घेतलं आणि विचारलं, "आता नाव कळलंय, लिहू? ओटिस रेडिंग."

"लिही की," आत्या म्हणाली. "खाली जागा आहे बघ. माझं खोडू नकोस."